रक्तासोबत आलेली कावीळ

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत पिवळे डोळे ही बातमी नसते. शाळेच्या पटावरच्या शे-दोनशे मुलांत दोन-तीन मुले तरी अशी निघतात, की ज्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग कायम हळदीचे बोट लागल्यासारखा दिसतो. गुरुजींना ते ठाऊक असते, आश्रमशाळेतल्या अधीक्षकांना ठाऊक असते, आईबापांना तर असतेच. मूल सिकलसेलचे आहे, एवढे कळले की त्या पिवळेपणाचा खुलासा झाला, असे सगळे मानतात. आणि तो खुलासा बहुतेक वेळा बरोबरही असतो. निरोगी माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी विळ्यासारखी वाकते, ताठरते आणि दहा-वीस दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशींतून निघणारे पिवळे द्रव्य निपटून काढता काढता यकृताची दमछाक होते. मग डोळे पिवळे, लघवी पिवळी. यात नवल नाही आणि घाबरण्यासारखे फारसे काही नाही, असे डॉक्टरही सांगतात.

या सवयीच्या पिवळेपणाआड दुसरे एक दुखणे लपून बसू शकते, म्हणून हा लेख. ते म्हणजे हिपॅटायटिस सी, यकृताला होणारा विषाणूचा संसर्ग. तो पाण्यातून येत नाही, उष्ट्या अन्नातून येत नाही. तो रक्तातून येतो. ज्या मुलांना वारंवार दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते, त्यांच्या दाराशी तो नेहमीच उभा असतो. सुरुवातीची अनेक वर्षे तो बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. आणि कधी थोडीफार कावीळ दाखवलीच, तर ज्या मुलाचे डोळे आधीच पिवळे आहेत त्याच्याकडे कोण वळून पाहणार?

सिकलसेल हा आजार १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने पहिल्यांदा वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये आढळला, आणि त्यानंतर काही वर्षांतच नागपूरच्या डॉक्टरांनी तो मध्य भारतात असल्याचे दाखवून दिले. पुढे महाराष्ट्रभर हिंडून डॉ. सुधीर काटे यांनी केलेल्या सर्वेक्षणांतून चित्र स्पष्ट झाले. माडिया, परधान, ओटकर, भिल्ल, पावरा या समाजांत शंभरातल्या वीसहून अधिक जणांच्या रक्तात हा दोष वाहक म्हणून असल्याचे त्यांना दिसले. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत, असा त्यांचा २००२ मधला अंदाज होता. हा केवळ आदिवासींचा आजार आहे, असा समज मात्र चुकीचा. विदर्भात तो बौद्ध समाजात आहे, कुणबी आणि तेली कुटुंबांतही आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल जन्मण्याची शक्यता चारात एक.

हा दोष जंगलातच का रुजला, याचे उत्तर डासाकडे जाते. वाहकाला, म्हणजे ज्याच्याकडे एकच सदोष जनुक आहे त्याला, जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. मलेरियाच्या मुलुखात वाहक तगले आणि त्यांचे जनुक पुढच्या पिढ्यांत उतरले. निसर्गाचा हा सौदा मोठा विचित्र आहे. ज्याला दोष एकीकडून मिळाला तो वाचतो, ज्याला दोन्हीकडून मिळाला तो भोगतो. त्यातही दुर्दैव असे, की दोन्हीकडून दोष असलेल्या मुलाला मलेरिया झाला, तर तो इतरांपेक्षा अधिक कठीण जातो. आणि महाराष्ट्रात मलेरिया म्हटले की पहिले नाव गडचिरोलीचेच निघते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा निघालेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च'चे काम सुरू केले, तेव्हा त्यांच्या पहिल्या अभ्यासांपैकी एक सिकलसेलचाच होता. आजार मोठ्या प्रमाणावर आहे हे सिद्ध झाले. पण लोकांना त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. हा आमचा प्रश्न नव्हे, आमचे प्रश्न दुसरे आहेत, असे लोकांनी सुचवले, ही हकीकत डॉ. बंग यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितली आहे. लोकांचे चुकले असे मला वाटत नाही. त्या काळात सिकलसेलचे निदान करून रुग्णाच्या हाती द्यायला होते तरी काय? फॉलिक अॅसिडच्या गोळ्या आणि वेदनाशामके. ज्या दुखण्यावर इलाज नाही, त्याचे नाव कळून काय उपयोग, हा जंगलातला रोखठोक हिशेब आहे. हिपॅटायटिस सी च्या बाबतीतही काही वर्षांपूर्वीपर्यंत हाच हिशेब लागू होता. आता तो बदलला आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी रक्ताचे पाहू. सिकलसेलच्या मुलाला थॅलेसेमियाच्या मुलासारखे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागत नाही. त्याचे हिमोग्लोबिन सात-आठवर रेंगाळत असते आणि त्याच्या शरीराला त्याची सवय झालेली असते. रक्त लागते ते संकटात. कधी प्लीहेत अचानक रक्त साठते आणि पोट दगडासारखे होते, कधी एखाद्या विषाणूमुळे नव्या पेशी बनणेच थांबते, कधी मेंदूचा रक्तपुरवठा तुटून लहान मुलाला अर्धांगवायू होतो, तर कधी मलेरिया येऊन हिमोग्लोबिन दोन दिवसांत तीनवर आणून ठेवतो. हे संकट बहुतेक पावसाळ्यात येते. भामरागडला पर्लकोटेचा जुना पूल वर्षानुवर्षे पाण्याखाली जात आला, तो याच दिवसांत. मूल खाटेवर आणि खाट चौघांच्या खांद्यावर, असा प्रवास करून माणसे दवाखान्यात पोचतात. त्या क्षणी रक्ताची पिशवी कुठून आली, तिच्यावर कोणत्या चाचण्या झाल्या, हे विचारायचे भान कुणाला असणार? आणि का असावे? ते विचारणे हे बापाचे काम नव्हेच.

पण कुणीतरी ते विचारायला हवे. भारतात दान केलेल्या प्रत्येक पिशवीवर पाच चाचण्या बंधनकारक आहेत: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया. कागदावर हे नेटके आहे. अडचण चाचणीच्या स्वभावात आहे. सर्वसाधारण चाचणी विषाणूला शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिद्रव्याला शोधते. हिपॅटायटिस सी च्या बाबतीत ते प्रतिद्रव्य दिसण्याजोगे व्हायला दीड-दोन महिने, काही जणांत त्याहूनही अधिक लागतात. तोपर्यंत रक्तदाता ठणठणीत, चाचणी कोरी आणि पिशवीत विषाणू. या मधल्या काळाला डॉक्टर मंडळी 'विंडो पिरियड' म्हणतात. विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधणारी 'नॅट' नावाची चाचणी ही खिडकी एक-दोन आठवड्यांपर्यंत अरुंद करते, पूर्ण बंद करत नाही. ती महाग आहे, तिला यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे लागतात, आणि देशात ती सक्तीची नाही. म्हणून आपल्या राज्यात दोन प्रकारच्या पिशव्या हिंडत असतात. नॅट झालेली आणि नॅट न झालेली. कोणत्या मुलाच्या वाट्याला कोणती यावी, हे बरेचसे त्याचे गाव मोठ्या शहरापासून किती किलोमीटरवर आहे यावर ठरते.

चाचणीइतकाच महत्त्वाचा आहे रक्तदाता. स्वतःहून, काही न घेता, पुन्हापुन्हा रक्त देणारा माणूस सर्वांत सुरक्षित, हे जगभर मान्य झालेले तत्त्व आहे. पूर्वी आपल्याकडे रक्त विकणारे असत. रक्तपेढ्यांच्या दारात त्यांची रांग लागे. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताचा धंदा करणाऱ्यांवर बंदी आली. परंतु विकणारा माणूस दारातून हटला म्हणजे नाहीसा झाला असे नव्हे. "एक बाटली न्या, एक माणूस आणा" हा बदली रक्ताचा रिवाज जिथे राहिला, तिथे तो 'नातेवाईक' होऊन आत आला.

आता जंगलातून आलेल्या कुटुंबाची स्थिती ध्यानात घ्या. रक्त देण्यासाठी किमान वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा लागते. आईचे हिमोग्लोबिन नऊ, बापाचे वजन ४२, काकाला परवाच ताप येऊन गेलेला. रक्त देण्याची इच्छा असूनही तिघे नापास. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना बदली रक्तदाता न मागता रक्त द्यावे, असे धोरण आहे खरे. ते धोरण रात्री अकरा वाजता, फ्रीजमध्ये त्या गटाची एकच पिशवी उरलेली असताना, किती पाळले जाते याविषयी मी इथे लिहीत नाही. ज्यांनी अशी रात्र काढली आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

हिपॅटायटिस सी चा इतिहास फार जुना नाही. साठ-सत्तरच्या दशकांत रक्त घेतलेल्या काही रुग्णांना कावीळ होई आणि ती 'ए' ही नसे, 'बी' ही नसे. डॉक्टरांनी तिला नाव दिले 'नॉन-ए, नॉन-बी'. कोण नाही ते सांगणारे हे नाव! अमेरिकेचे हार्वे आल्टर वर्षानुवर्षे या काविळीच्या मागे होते. १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू ओळखला, चार्ल्स राइस यांनी तो एकटाच हा आजार घडवतो हे सिद्ध केले, आणि या तिघांना २०२० चे नोबेल मिळाले. १९८९ नंतर चाचणी आली. श्रीमंत देशांत ती लगेच रक्तपेढ्यांत गेली; आपल्याकडे ती देशभर सक्तीची व्हायला २००१ उजाडावे लागले. म्हणजे ज्या मुलांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत रक्त घेतले, त्यांच्या पिशव्या बहुतांशी या चाचणीवाचूनच गेल्या. ती मुले आता तिशी-चाळिशीत आहेत. हा विषाणू यकृत पोखरायला वीस-तीस वर्षे घेतो. हिशेब कुणीही करून पाहावा.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी अशाच एका कुटुंबाला भेटलो. गावाचे नाव सांगत नाही. त्यांना ते नको आहे. मुलगी अकरा वर्षांची, चौथ्या वर्षी सिकलसेलचे निदान झालेली. आजवर नऊ वेळा रक्त चढवलेले, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. मधूनमधून पोटात उजवीकडे दुखे. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. सिकलसेलच्या मुलांत हे नेहमीचे. फुटलेल्या पेशींचे पिवळे द्रव्य साठून काळसर खडे होतात. शस्त्रक्रियेसाठी नागपूरला पाठवले. शस्त्रक्रियेआधी रक्ताच्या चाचण्या होतात, त्यांत हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आले. कागदावरचा तो एक शब्द आईबापांना कळला नाही, पण 'पॉझिटिव्ह' कळले. पॉझिटिव्ह म्हणजे एड्स, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी आजवर ऐकला होता. दोन दिवस त्यांनी एकमेकांशीही बोलणे टाळले.

"पोरीचे डोरे तं पयल्यापासूनच पिवरे हायेत जी," आई मला सांगत होती. "आमाले काय मालूम, आत दुसरं कायी हाये म्हून." झाडीबोलीत 'ळ' चा 'र' होतो; डोळ्यांचे डोरे, पिवळ्याचे पिवरे. गेली तीन वर्षे मुलगी अधिक थकत होती, जेवत नव्हती. पुजाऱ्याने कावीळ उतरवली, झाडपाल्याचा रस दिला. गावात येणाऱ्या एका 'डॉक्टर'ने सुया मारल्या. हा डॉक्टर म्हणजे मोटारसायकलवर पेटी बांधून हिंडणारा माणूस. सुई मारल्याशिवाय इलाज झाला असे गावाला वाटत नाही, आणि एकच सुई किती जणांना मारली हे तो सांगत नाही. त्यामुळे या मुलीला विषाणू रक्ताच्या पिशवीतून मिळाला की त्या पेटीतून, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पिशवीवर संशय जातो, कारण ती नऊ वेळा आली. पण पेटीही वारंवार आली होती.

मला त्या घरात सर्वांत मोलाची वाटली ती एक शाळेची वही. बाप सातवीपर्यंत शिकलेला. प्रत्येक वेळी रक्त चढवले की तारीख, दवाखाना, रक्तगट आणि पिशवीवरचा क्रमांक तो त्यात उतरवून घेत असे. का, म्हणून विचारले तर म्हणाला, किराण्याची उधारी लिहितो तसेच हे. नऊपैकी सात क्रमांक त्या वहीत होते. पिशवीच्या क्रमांकावरून रक्तदात्यापर्यंत पोचता येते. त्या रक्तदात्याने पुढे पुन्हा रक्त दिले असेल तर त्याची तेव्हाची चाचणी पाहता येते. तो बाधित असेल तर त्याला उपचार देता येतात आणि त्याचे रक्त आणखी कुणाला गेले हेही शोधता येते. ही मागे वळून शोध घेण्याची पद्धत अनेक देशांत रीतसर चालते. आपल्याकडे रक्त चढवल्यानंतरच्या त्रासांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय 'हिमोव्हिजिलन्स' योजना डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. पण माहिती कळवणे तीत ऐच्छिक आहे. सातवी शिकलेल्या बापाला जे सुचले, ते व्यवस्थेला ऐच्छिक वाटते, याला काय म्हणावे?

ही गोष्ट एका जंगलाची नाही. नागपुरात मे २०२२ मध्ये थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे उघडकीस आले, त्यांतले एक मूल दगावले. हिपॅटायटिसची बाधा झालेलीही मुले होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने दखल घेऊन राज्य सरकारकडे विचारणा केली. त्याआधी २०११ मध्ये गुजरातेतल्या जुनागढला थॅलेसेमियाच्या २३ मुलांत एचआयव्ही आढळला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधल्या चाईबासाला पाच मुलांची तीच कथा. प्रत्येक वेळी चौकशी बसते, काही दिवस वृत्तपत्रांत मथळे येतात. एचआयव्ही निघाला तर मथळा मोठा. हिपॅटायटिस सी निघाला तर तो बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात जातो. वास्तविक रक्त घेणाऱ्या मुलांत हाच पाहुणा अधिक वेळा सापडतो.

आपल्या गरिबीकडे बोट दाखवून मोकळे होऊ पाहणाऱ्यांनी इंग्लंडकडे पाहावे. तिथे सत्तर-ऐंशीच्या दशकांत हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त गोठवणारे जे औषध दिले गेले, ते हजारो दात्यांच्या रक्तद्रवाचे मिश्रण करून बनत असे. त्यांतले बरेच अमेरिकेतून विकत आणलेले, काही तर तुरुंगातल्या कैद्यांचे. एका दात्याचा विषाणू साऱ्या पिंपात जाई. रक्त आणि रक्तघटकांतून तिथे तीस हजारांहून अधिक माणसांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची बाधा झाली, सुमारे तीन हजार मेली. ट्रेलोअर नावाच्या शाळेत १९७० ते १९८७ दरम्यान हिमोफिलियाची १२२ मुले शिकली. त्यांतली तीसेकच आज हयात आहेत. सर ब्रायन लँगस्टाफ यांचा चौकशी अहवाल २० मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. हे सारे टाळता आले असते आणि सत्य दडपले गेले, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. चाळीस वर्षे उशिरा का होईना, तिथे सत्य उजेडात आणले गेले.

आता त्या बदललेल्या हिशेबाविषयी. २०१४ पूर्वी एखाद्या सिकलसेलच्या मुलाला हिपॅटायटिस सी आहे असे कळले असते, तर डॉक्टरने खरोखरच हात टेकले असते. तेव्हाचे उपचार म्हणजे सहा महिने ते वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि सोबत रायबाव्हिरिनच्या गोळ्या. इंटरफेरॉनने अंग तापे, मन खचे. रायबाव्हिरिनचा दुष्परिणाम तर असा, की ते तांबड्या पेशी फोडते. ज्याच्या पेशी आधीच फुटताहेत त्याला पेशी फोडणारे औषध! मग रक्त उतरणार, मग पुन्हा रक्त चढवावे लागणार. थॅलेसेमियाच्या आणि सिकलसेलच्या मुलांना म्हणूनच हा उपचार क्वचित देता येई.

मग सोफोसबुव्हिर आले. विषाणूच्या वाढीवरच थेट घाव घालणारी ही गोळी अमेरिकेत २०१३ च्या अखेरीस बाजारात आली, तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती आणि त्यावरून तिथे मोठा गदारोळ झाला. भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचा परवाना मिळाल्यावर किंमत इतकी खाली आली, की सरकारला ती फुकट देणे परवडले. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात निदान आणि औषधे विनामूल्य आहेत. सोफोसबुव्हिरच्या जोडीला डॅक्लाटॅसव्हिर किंवा वेल्पाटॅसव्हिर, रोज तोंडाने घ्यायची गोळी, बहुतेक रुग्णांत बारा आठवडे. शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. लहान मुलांनाही वजनाप्रमाणे मात्रा देता येते. पेशी फोडणारे औषध जवळपास गरजेचे उरले नाही. रक्तातून आलेला हा एकच असा चिवट विषाणू आहे, जो आज औषधाने समूळ घालवता येतो. एचआयव्ही आयुष्यभर दाबून ठेवावा लागतो, हिपॅटायटिस बी ला लस आहे पण पूर्ण बरे करणारे औषध नाही. सी ला लस नाही, औषध आहे.

त्या अकरा वर्षांच्या मुलीला ते मिळाले. आधी तिची दुसरी चाचणी झाली, कारण पहिल्या चाचणीत फक्त शरीराची विषाणूशी कधीतरी गाठ पडली एवढेच कळते. विषाणू अजून आत आहे का, हे रक्तातले त्याचे प्रमाण मोजूनच ठरते. काही मुलांत तो आपोआप निघूनही जातो. हिच्यात तो होता. हिपॅटायटिस बी नाही ना, हेही पाहिले गेले, कारण तो लपलेला असेल तर या औषधांनी उसळी घेऊ शकतो. मग बारा आठवडे गोळी. बापाने वहीत नवे पान काढून रोज एक फुली मारली. मी भेटलो तेव्हा पाच आठवड्यांच्या फुल्या झाल्या होत्या. औषध संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी, मग पित्ताशयाची शस्त्रक्रिया.

हे सारे योगायोगाने झाले, हे मला बोचते. खडे झाले नसते तर शस्त्रक्रिया ठरली नसती, शस्त्रक्रिया ठरली नसती तर चाचणी झाली नसती. तिच्या शेजारच्या गावातल्या ज्या मुलांच्या पित्ताशयात खडे झालेले नाहीत त्यांचे काय? पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ केला. देशातल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे लक्ष्य आहे. गावोगाव बोटे टोचून रक्त तपासले जात आहे, ते चांगलेच आहे. पण ज्याला सिकलसेल आहे हे आधीच ठाऊक आहे आणि ज्याने एकदा जरी रक्त घेतले आहे, त्याचे वर्षातून एकदा हिपॅटायटिस सी, बी आणि एचआयव्ही तपासणे, एवढे या दोन मोहिमांनी मिळून ठरवले तर फार मोठा खर्च नाही. एका मोहिमेकडे मुलांची यादी आहे, दुसरीकडे चाचणी आणि गोळी. दोघींची कार्यालये बहुधा एकाच आवारात असतात.

रक्त कमी लागेल असेही करता येते. हायड्रॉक्सियुरिया नावाची एक जुनी, स्वस्त गोळी नियमित घेतली तर पेशी वाकण्याचे प्रमाण घटते, वेदनेचे झटके कमी होतात, रक्ताची गरज कमी होते. नागपूरच्या डॉक्टरांचा याबाबतीत दांडगा अनुभव आहे. मच्छरदाणी आणि वेळेवर मलेरियाचा उपचार हीदेखील रक्त वाचवण्याचीच साधने आहेत. जी पिशवी चढवावी लागली नाही, तिच्यातून विषाणू येत नाही.

उरते ती चढवावीच लागणारी पिशवी. ती कधी मिळत नाही? मे महिन्यात. महाविद्यालये बंद असतात, शिबिरे होत नाहीत, आणि गावेच्या गावे तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेली असतात. त्यानंतर लगेच पावसाळा, मलेरिया आणि मागणी. शिबिरे मात्र आपण नेत्यांच्या वाढदिवसाला आणि जयंत्यांना भरवतो. एकाच दिवशी दोनशे पिशव्या, त्या पस्तीस दिवसांत संपवायच्या, उरलेल्या फेकायच्या. चंद्रपूरसारख्या औद्योगिक शहरात, कोळसा खाणी आणि वीज केंद्राच्या वसाहतींत हजारो धडधाकट माणसे राहतात. त्यांनी दर तीन महिन्यांनी ठरल्या तारखेला रक्त दिले, तर बदली रक्तदाता शोधत हिंडणाऱ्या बापाची एक रात्र वाचेल.

रक्त देताना एक छापील अर्ज भरावा लागतो. गेल्या बारा महिन्यांत गोंदवून घेतले का, कान-नाक टोचले का, कुणाकडून सुई घेतली का, कावीळ झाली होती का, असे त्यात प्रश्न असतात. मार्कंड्याच्या यात्रेत किंवा चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेत यंत्राने गोंदवून घेणारी तरुण पोरे आपण दरवर्षी पाहतो. एकच सुई, एकच शाई, रांग लांबलचक. त्यातलाच कुणी दोन महिन्यांनी मित्रांसोबत शिबिरात येतो. मी अनेक शिबिरांत पाहिले आहे, की अर्जातल्या साऱ्या प्रश्नांपुढे एकाच उभ्या रेघेत 'नाही, नाही, नाही' लिहिले जाते, पुष्कळदा दुसऱ्याकडूनच. तिथे बसलेल्या कार्यकर्त्याने प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून, त्या माणसाला बाजूला घेऊन विचारायला पाच मिनिटे लागतात. गोंदवून घेतले असेल तर त्याला चहा-बिस्किट द्यावे आणि पुढच्या वर्षीची तारीख लिहून द्यावी.